विश्लेषण : साखर घसरून शुद्ध हरपली तर? ‘ग्लुकॅगॉन’ काय करते आणि ते हाताशी का नसते?

मधुमेह म्हटले की ‘इन्शुलिन’ हा शब्द आता गावोगावच्या आजी-आजोबांनाही ठाऊक असतो. त्याच स्वादुपिंडातून, इन्शुलिनच्या शेजारच्याच पेशींमधून पाझरणारे आणि नेमके उलट काम करणारे ‘ग्लुकॅगॉन’ हे संप्रेरक मात्र बहुतेकांनी ऐकलेलेही नसते. साखर घसरून माणूस बेशुद्ध पडला आणि शीर शोधून ग्लुकोज देणारा डॉक्टर जवळ नसला, तर घरच्या माणसाला देता येईल असे हे औषध आहे. मुळशी तालुक्यातील नांदे येथे संशोधन केंद्र असलेल्या ल्युपिन या कंपनीने २०२५ मध्ये हे इंजेक्शन अमेरिकेच्या बाजारात आणले. आपल्याकडच्या मेडिकलच्या दुकानात ते सहसा सापडत नाही. हे औषध काय आहे, ते कोणाला लागते आणि नसेल तेव्हा काय करायचे, याविषयी.

साखर घसरते तेव्हा नेमके काय होते?

आषाढातला एक दिवस डोळ्यांसमोर आणावा. ताम्हिणीच्या वाटेवरच्या खाचरांत भातलावणी जोरात आहे. साठी ओलांडलेली एक बाई सकाळी मधुमेहाची नेहमीची गोळी घेऊन शेतात उतरली आहे. एकादशी असल्याने पोटात चहापलीकडे काही नाही. अकराच्या सुमारास तिला दरदरून घाम फुटतो, हात थरथरू लागतात. पण पावसात भिजलेल्या अंगावरचा घाम कोणाला दिसणार? थोड्या वेळाने ती असंबद्ध बोलू लागते, सुनेवर विनाकारण डाफरते आणि बांधावर बसल्या बसल्या कलंडते. प्रसंग काल्पनिक आहे, पण गोळी, उपवास आणि कष्ट एकत्र आल्यावर असेच घडते.

रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या (प्रति डेसिलिटर) खाली गेली की ती कमी झाली असे समजतात. ५४ च्या खाली ती धोकादायक ठरते. आणि माणसाला स्वतःला सावरता येत नाही, दुसऱ्याची मदत घ्यावीच लागते, अशा अवस्थेला आकडा कितीही असला तरी ‘तीव्र हायपोग्लायसेमिया’ म्हणतात. मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी जेमतेम चार-पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचाभर साखर असते. मेंदू मात्र एरवी जवळजवळ पूर्णपणे याच साखरेवर चालतो. त्यामुळे ती कमी पडली की पहिला फटका त्याला बसतो. घाम, धडधड, कडकडून भूक ही शरीराची पहिली हाक असते. त्यानंतर दृष्टी अंधुक होते, जीभ जड होते, वागणे बदलते आणि शेवटी झटके येतात किंवा शुद्ध हरपते. अशा माणसाला दारू प्यायला समजून बाजूला बसवून ठेवणे, फिट आली म्हणून कांदा किंवा चप्पल हुंगवणे, बाहेरची बाधा समजून अंगारा लावणे, हे सगळे प्रकार होतात. त्यात जातो तो नेमका उपचाराचा वेळ.

ही वेळ ज्यांच्यावर येते ते सगळे इन्शुलिनवर असतात असेही नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या गटातील गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला भाग पाडतात, मग पोटात अन्न असो वा नसो. त्या स्वस्त आहेत, साखर चांगली उतरवतात आणि म्हणून आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर लिहून दिल्या जातात. वय झालेल्या, मूत्रपिंड कमजोर असलेल्या, जेवणाची वेळ चुकणाऱ्या माणसात याच गोळ्या साखर फार खाली नेऊ शकतात.

शहरापासून दूर, अंगमेहनत करणाऱ्या सडपातळ माणसांत मधुमेह कुठला, असे अनेकांना वाटते. हा समज पुण्यातच मोडीत निघाला आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे परिसरातील गावांत गरोदर माता आणि त्यांच्या मुलांचा दीर्घ अभ्यास केला. दिसायला बारीक, पण शरीरात चरबीचे प्रमाण जास्त, अशी भारतीय शरीराची ठेवण जन्मापासूनच असते, हे त्यांच्या कामातून पुढे आले. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात याज्ञिक आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे शेजारी-शेजारी उभे असलेले छायाचित्र छापून आले होते. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक (बीएमआय) सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! देशव्यापी ‘आयसीएमआर-इंडियाब’ पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात, की भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यांतील अनेकांचे दिवस शेतात किंवा कारखान्याच्या पाळीत जातात आणि जेवणाची वेळ त्यांच्या हातात नसते.

ग्लुकॅगॉन शरीरात काय करते?

मुळशीकरांना हे धरणाच्या उदाहरणाने चटकन कळेल. पावसाळ्यात आलेले पाणी मुळशीच्या धरणात साठते आणि वर्षभर गरजेप्रमाणे बोगद्यातून सह्याद्रीच्या पलीकडे, रायगड जिल्ह्यातील भिऱ्याच्या वीजगृहाकडे सोडले जाते. शरीरात हे धरण म्हणजे यकृत. जेवणानंतर रक्तात साखरेचा पूर येतो, तेव्हा इन्शुलिन ती पेशींमध्ये आणि यकृतात वळवते. यकृतात ती ‘ग्लायकोजेन’ या रूपात साठते. मोठ्या माणसात हा साठा साधारण १०० ग्रॅमचा असतो. दोन जेवणांच्या मध्ये, रात्रीच्या झोपेत किंवा धावपळीत रक्तातली पातळी उतरू लागली की दरवाजे उघडावे लागतात. ते उघडणारा हात म्हणजे ग्लुकॅगॉन.

स्वादुपिंडात लहान लहान पुंजक्यांनी विखुरलेल्या पेशी आहेत. पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ मध्ये त्या पाहिल्या, म्हणून त्यांना ‘लँगरहान्सची बेटे’ म्हणतात. या बेटांवरच्या बीटा पेशी इन्शुलिन तयार करतात, तर अल्फा पेशी ग्लुकॅगॉन. २९ अमिनो आम्लांची ही छोटीशी साखळी रक्तातून थेट यकृतात पोहोचते आणि ग्लायकोजेन फोडून साखर बाहेर काढायला लावते. साठा कमी पडू लागला, की अमिनो आम्ले आणि लॅक्टेट यांच्यापासून नवी साखर बनवण्याचे कामही तीच सुरू करून देते. म्हणूनच निरोगी माणूस दिवसभर कडक उपवास करूनही बेशुद्ध पडत नाही.

मधुमेहात बिघडते ती नुसती इन्शुलिनची बाजू नव्हे, आणि ही गोष्ट बऱ्याचदा सांगायची राहून जाते. टाइप १ मधुमेहात अल्फा पेशी जिवंत असतात, पण साखर घसरली तरी त्या पुरेसे ग्लुकॅगॉन सोडत नाहीत. आजार जडल्यानंतर काही वर्षांतच हा प्रतिसाद बोथट होतो. उलट जेवणानंतर, जेव्हा त्याची गरज नसते, तेव्हा ते जास्त सुटते. टाइप २ मध्येही जेवणानंतरचे हे जादा ग्लुकॅगॉन साखर वाढवण्यास हातभार लावते. म्हणजे दरवाजावरचा राखणदार पुराच्या वेळी दार उघडतो आणि टंचाईच्या वेळी झोपून राहतो. अमेरिकेतील डॉ. रॉजर उंगर यांनी आयुष्यभर हाच मुद्दा लावून धरला, की मधुमेह हा दोन संप्रेरकांचा आजार आहे. १९५९ मध्ये रक्तातील ग्लुकॅगॉन मोजण्याची पद्धत त्यांच्याच चमूने विकसित केली.

शोध कसा लागला?

सेनापती बापट आणि मावळे शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह लढत होते, त्याच वर्षांतली ही गोष्ट आहे. १९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट स्वादुपिंडाच्या अर्कावर प्रयोग करत होते. जानेवारी १९२२ मध्ये एका मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचले गेले. त्या काळच्या अर्कांमध्ये एक गोंधळात टाकणारी गोष्ट दिसे. अर्क टोचल्यावर साखर उतरण्याआधी थोडा वेळ चढायची. अनेकांनी ती अशुद्धी म्हणून सोडून दिली. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील चार्ल्स किंबल आणि जॉन मर्लिन यांनी मात्र ती चढवणारी वस्तू वेगळी आहे असे ओळखले आणि १९२३ मध्ये तिला ‘ग्लुकॅगॉन’ हे नाव दिले. ग्लुकोजला चालना देणारे, असा त्याचा अर्थ.

पुढची तीस वर्षे या नावाकडे फारसे कोणी फिरकले नाही. १९४८ मध्ये अर्ल सदरलँड आणि क्रिश्चियन द ड्यूव्ह यांनी ते अल्फा पेशींतून येत असावे असे दाखवले. १९५३ मध्ये ‘एली लिली’ कंपनीतील शास्त्रज्ञांनी ते शुद्ध स्फटिकांच्या रूपात मिळवले आणि १९५७ मध्ये त्याची रचना उलगडली. सदरलँड यांना याच वाटेवर आणखी मोठी गोष्ट सापडली. ग्लुकॅगॉन आणि अ‍ॅड्रेनलिन यकृताच्या पेशीत शिरतच नाहीत. ते बाहेरून दार ठोठावतात आणि आत ‘सायक्लिक एएमपी’ नावाचा दुसरा निरोप्या धावतो. संप्रेरकांचे काम कसे चालते याचे हे कोडे सोडवल्याबद्दल त्यांना १९७१ चे नोबेल मिळाले. औषध म्हणून ग्लुकॅगॉन सुरुवातीला डुक्कर आणि गायीच्या स्वादुपिंडातून काढले जाई. १९९८ पासून अमेरिकेत जनुकीय तंत्राने, सूक्ष्मजीवांकडून बनवून घेतलेले ग्लुकॅगॉन आले.

हे इंजेक्शन दिले कसे जाते?

पारंपरिक संच अगदी साधा दिसतो. एका कुपीत १ मिलिग्रॅम पांढरी भुकटी, सोबत पाण्यासारख्या द्रावाने भरलेली सिरिंज. द्राव कुपीत सोडायचा, हलक्या हाताने फिरवायचा, पुन्हा सिरिंजमध्ये ओढायचा आणि मांडीत किंवा दंडात टोचायचा. शीर शोधावी लागत नाही, ही त्यातली मोठी सोय. मोठ्या माणसाला पूर्ण १ मिलिग्रॅम, तर २५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलाला त्याच्या निम्मे. साधारण १० ते १५ मिनिटांत माणूस शुद्धीवर येऊ लागतो. मळमळ आणि उलटी हा नेहमीचा त्रास असल्याने टोचल्याबरोबर रुग्णाला कुशीवर वळवून ठेवायचे असते. गिळता येऊ लागले की लगेच साखर आणि पाठोपाठ भाकरी, पोळी किंवा भात द्यायचा, कारण यकृताचा साठा रिकामा झालेला असतो.

पण दोन हातांत कुपी आणि सुई, समोर झटके देणारे मूल आणि घरात रडारड, अशा वेळी हे ‘साधे’ काम भल्याभल्यांना जमत नाही. भुकटी आयत्या वेळी विरघळवावी लागते, कारण द्रवात ठेवलेल्या ग्लुकॅगॉनचे धागे बनतात आणि ते निकामी होते. ही अडचण सुटायला बरीच दशके गेली. २०१९ मध्ये अमेरिकेत दोन नवी रूपे मंजूर झाली. एक नाकात फवारायची ३ मिलिग्रॅमची भुकटी, जी बेशुद्ध माणसाने श्वास आत ओढला नाही तरी शोषली जाते. दुसरे, आधीच विरघळवून ठेवलेले, थेट टोचता येणारे इंजेक्शन. २०२१ मध्ये ‘डॅसिग्लुकॅगॉन’ हे द्रवात टिकणारे सुधारित रूपही आले.

हे औषध कोणावर चालत नाही?

धरणातच पाणी नसेल तर दरवाजे उघडून काय मिळणार? दोन-तीन दिवस अन्न गेलेले नाही, कुपोषण आहे किंवा यकृत निकामी आहे, अशांच्या यकृतात ग्लायकोजेन उरलेले नसते. त्यांना ग्लुकॅगॉनचा फार उपयोग होत नाही, शिरेतून ग्लुकोजच द्यावे लागते. दारू प्यायलेल्यांचीही तीच गत. दारू यकृताला नवी साखर बनवू देत नाही. उपाशीपोटी पिऊन झोपलेल्या मधुमेही माणसाची साखर पहाटे घसरते, ती यामुळेच. अशा माणसाच्या तोंडाला वास येत असतो, म्हणून त्याला झोपू दिले जाते.

गोळ्यांमुळे साखर घसरलेल्यांची गोष्ट आणखी वेगळी. ग्लुकॅगॉन स्वादुपिंडालाही डिवचते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात असताना ते इन्शुलिनही वाढवू शकते, म्हणजे साखर चढून पुन्हा उतरू शकते. त्यातून मूत्रपिंड कमजोर असेल तर या गोळ्यांचा अंमल दिवसभर किंवा त्याहून अधिक टिकतो. म्हणून अशा रुग्णाला शुद्ध आली, चहा प्यायला, बोलू लागला, तरी रुग्णालयात न्यावे लागतेच.

साखरेखेरीज त्याचे उपयोग कोणते?

ग्लुकॅगॉन आतड्याच्या स्नायूंची हालचाल काही मिनिटे थांबवते. एमआरआय किंवा क्ष-किरण तपासणीत आतडे हलल्याने चित्र पुसट येऊ नये म्हणून ते वापरतात. आपल्याकडे त्यासाठी दुसरी, स्वस्त औषधे जास्त चालतात. जन्मतःच इन्शुलिन जास्त सुटणाऱ्या बाळांमध्ये शस्त्रक्रियेपर्यंत साखर टिकवण्यासाठी ते शिरेतून सतत देतात.

हृदयाचा उपयोग अधिक रंजक आहे. रक्तदाब आणि हृदयासाठी दिल्या जाणाऱ्या ‘बीटा ब्लॉकर’ गटातील गोळ्या कोणी चुकून किंवा जाणूनबुजून जास्त घेतल्या, तर हृदय मंद होते आणि अ‍ॅड्रेनलिनलाही दाद देत नाही, कारण त्याचे दारच बंद झालेले असते. ग्लुकॅगॉन शेजारच्या दुसऱ्या दाराने तोच सायक्लिक एएमपी जागा करते. मात्र यासाठी एकदम ५ ते १० मिलिग्रॅम, म्हणजे पाच-दहा संच लागतात आणि पुढेही देत राहावे लागते. इतका साठा मोठ्या रुग्णालयांतही हाताशी असणे कठीण.

‘जीएलपी-१’ म्हणजे हेच का?

नाही. नावातल्या साम्यामुळे गोंधळ होतो. मार्च २०२५ मध्ये भारतात ‘मौंजारो’ आले आणि वजन घटवणाऱ्या इंजेक्शनांची चर्चा गावापर्यंत पोहोचली, तेव्हापासून तर जास्तच. जीएलपी-१ या अक्षरांतला ‘जी’ ग्लुकॅगॉनचाच. ग्लुकॅगॉन ज्या जनुकापासून बनते, त्याच जनुकापासून आतड्यांत दुसऱ्या ठिकाणी कात्री लागून ‘ग्लुकॅगॉनसारखा पेप्टाइड-१’ तयार होतो. काम मात्र उलटे. तो जेवणानंतर इन्शुलिन वाढवतो, ग्लुकॅगॉन दाबतो, पोट सावकाश रिकामे करतो आणि भूक मंदावतो. या संशोधनासाठी जोएल हॅबनर, स्वेतलाना मोइसोव्ह आणि लोटे बेरे क्नुडसेन यांना २०२४ चा लास्कर पुरस्कार मिळाला. गंमत अशी की औषध कंपन्या आता वजन घटवण्यासाठी ग्लुकॅगॉनचेच दार ठोठावू लागल्या आहेत, कारण ते यकृतातली चरबी जाळायला लावते. जीएलपी-१ सोबत ग्लुकॅगॉनचाही परिणाम साधणाऱ्या ‘रेटाट्रुटाइड’सारख्या औषधांच्या चाचण्या त्यासाठीच झाल्या. घसरलेली साखर सावरायला मात्र यातले एकही इंजेक्शन चालत नाही. साखर उतरलेल्या माणसाला चुकूनही ‘ग्लुकॅगॉनसारखे’ म्हणून ते देऊ नये.

मग आपल्याकडे ते का मिळत नाही?

ग्लुकॅगॉन जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. तरी भारतातील बालमधुमेहतज्ज्ञ ते महाग आणि सहज न मिळणारे औषध म्हणूनच त्याचा उल्लेख करतात. कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. किंमत जास्त, म्हणून डॉक्टर लिहून देत नाहीत. लिहून देत नाहीत, म्हणून दुकानदार ठेवत नाही. ठेवले तरी मुदत साधारण दोन वर्षांची, आणि पारंपरिक संच २५ अंशांखाली ठेवायचा. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या छपराखाली ते कसे जमावे? ज्या संचाचा उपयोग कदाचित कधीच होणार नाही, तो दर दोन वर्षांनी नवा घेणे हे टाइप १ मधुमेहाच्या मुलाच्या कुटुंबाला परवडत नाही. इन्शुलिन, सुया आणि साखर मोजायच्या पट्ट्या यांतच त्यांचा महिन्याचा हिशेब बिघडलेला असतो.

श्रीमंत देशांतही चित्र फार जुने नाही. अमेरिकेत हा संच अनेक वर्षे शेकडो डॉलरना मिळे. तिथे पहिले जेनेरिक ग्लुकॅगॉन मंजूर झाले ते डिसेंबर २०२० मध्ये, म्हणजे शोधानंतर जवळपास शंभर वर्षांनी. त्यानंतर आलेल्यांत ल्युपिन आहे. या कंपनीचे नांदे येथील संशोधन केंद्र आणि घोटावडे येथील जैवतंत्रज्ञान विभाग, दोन्ही मुळशी तालुक्यातच. पलीकडे हिंजवडीत जेनोव्हासारख्या जैवऔषधांच्या कंपन्या. अशी औषधे बनवण्याचे ज्ञान आणि हात तालुक्यात आहेत. अडते ते खरेदीपाशी. सरकारी यंत्रणेने आरोग्य केंद्रांसाठी मोठ्या संख्येने खरेदी केली, तर भाव उतरतात आणि कंपन्यांनाही देशात विकण्यात रस वाटतो, हे लसींच्या बाबतीत दिसले आहे. ग्लुकॅगॉनसाठी मागणीचा तसा रेटा आपल्याकडे तयार झालेला नाही. ते हवे आहे असे म्हणणाऱ्यांची संख्याच मुळात कमी, कारण ते असते हेच माहीत नाही.

तोवर मुळशीसारख्या ठिकाणी अंतर हाच मुख्य प्रश्न राहतो. पौड हे तालुक्याचे ठिकाण पुण्यापासून सुमारे ३० किलोमीटर. ताम्हिणी त्याहून साधारण तितकेच पुढे. पावसाळ्यात घाटात दरड आली किंवा शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागली, की किलोमीटरचा हिशेब कामाचा राहत नाही. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. पण ती पोहोचेपर्यंतचा वेळ घरच्यांनाच काढायचा असतो.

ग्लुकॅगॉन नसेल तर काय करायचे?

माणूस शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल, तर लगेच १५ ग्रॅम साखर द्यायची. म्हणजे तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घालून. गूळही चालतो. पेढा, चॉकलेट, बिस्किटे यांनी उशीर होतो, कारण त्यांतल्या तूप-चरबीमुळे साखर सावकाश शोषली जाते. १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचे, कमीच असेल तर पुन्हा तेवढेच द्यायचे. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या गोळ्या घेणाऱ्यांची गोष्ट निराळी. या गोळ्या आतड्यात साखर फुटू देत नाहीत, त्यामुळे घरातली साखर किंवा गूळ त्यांना लवकर लागू पडत नाही. त्यांना ग्लुकोज पावडरच हवी. आपल्याकडे या गोळ्या ग्लिमेपिराइडसोबत एकाच गोळीत मिसळूनही मिळतात, त्यामुळे पाकिटावरची नावे एकदा नीट वाचून घेतलेली बरी.

शुद्ध नसेल तर तोंडात पाणी, सरबत, चहा काहीही ओतायचे नाही. ते फुप्फुसात जाते, आणि साखरेने न मेलेला माणूस त्याने दगावू शकतो. कुशीवर वळवायचे, तोंडातली कवळी किंवा तंबाखू काढायची, १०८ ला फोन करायचा आणि ‘मधुमेही आहे, साखर कमी झाली असावी’ हे पहिल्याच वाक्यात सांगायचे. बेशुद्ध मुलाला शिरेतून ग्लुकोज देणे शक्य नसेल, तर एक चमचा साखर दोन-एक थेंब पाण्याने ओलसर करून जिभेखाली ठेवावी आणि दर १०-२० मिनिटांनी पुन्हा ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या बालरुग्णांसाठीच्या मार्गदर्शिकेत सांगितले आहे. ती ग्लुकॅगॉनची जागा घेत नाही. पण मदत येईपर्यंत हात बांधून बसण्यापेक्षा बरी. यंत्र जवळ नसेल आणि साखर कमी की जास्त हे कळत नसेल, तर कमी आहे असेच धरायचे. थोडी जास्त झालेली साखर नंतर उतरवता येते.

शाळेत जाणाऱ्या टाइप १ मुलांचा प्रश्न वेगळा राहतो. वर्गात खाऊ काढला म्हणून ओरडा खाणारी ही मुले असतात. ‘सीबीएसई’ने २०१७ मध्ये अशा विद्यार्थ्यांना परीक्षेच्या दालनात साखरेच्या गोळ्या, फळ, पाणी नेण्याची मुभा दिली. एखाद्या मुलाला ग्लुकॅगॉन लिहून दिलेले असेल, तर त्याचा एक संच शाळेत आणि तो वापरता येणारे किमान दोन शिक्षक, अशी सोय पालकांना मुख्याध्यापकांशी बोलून करून घ्यावी लागते.

मोठ्यांच्या बाबतीत पहिले काम गोळ्यांचे आहे. आषाढी, नवरात्र, श्रावणी सोमवार यांच्या आधी डॉक्टरांना विचारून त्या दिवसाची गोळी किंवा इन्शुलिनचा डोस बदलून घेता येतो. आजकाल साखर न घसरवणाऱ्या इतर गटांतल्या गोळ्याही उपलब्ध आहेत. वय सत्तरीकडे झुकलेले आणि मूत्रपिंडाचा अहवाल बिघडलेला असेल, तर ग्लिबेनक्लामाइड चालू ठेवावी का, हे पुढच्या भेटीत थेट विचारावे. आणि दिवसा एकदा साखर घसरलेल्या, अशी गोळी घेणाऱ्या माणसाला घरी सोडलेच, तर त्या रात्री त्याला एकट्याला झोपू देऊ नये. रात्री दोन-तीनच्या सुमारास उठवून साखर मोजावी आणि यंत्र नसेल तर निदान हाक मारून तो नीट उत्तर देतो का ते पाहावे.